चंद्रज्योतीची बी, धोतऱ्याचं बोंड: पोट्ट्यांनी खाल्लं तर काय करायचं

घरातल्या लेकरानं आत्ताच कुठली बी किंवा पाला खाल्ला असेल तर खालचं सगळं सोडा, एवढंच करा. तोंडात जे दिसतंय ते बाहेर काढा. शुद्धीवर असेल तर चूळ भरायला लावा. ओकारी काढू नका. त्या झाडाची फांदी, फळ, उरलेल्या बिया पिशवीत टाका. १०८ ला फोन लावा, नाहीतर मिळेल त्या गाडीनं जवळचं सरकारी रुग्णालय गाठा. बाकीचं लेकरू घरी आल्यावर वाचा.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. गावात तरणे लोक सिस्टर म्हणतात, म्हाताऱ्या अजून नर्सबाईच म्हणतात. आमच्या भागात विषबाधा म्हटलं की सगळ्यांना फवारणी आठवते. २०१७ साली जिल्ह्यात कापसावर फवारताना शेतकरी-शेतमजूर दगावले, त्यानंतर तर फारच. पण लहान पोरांच्या पोटात जातं ते विष बहुतेक वेळा कुंपणातलं, धुऱ्यावरचं नाहीतर मंदिरामागचं असतं. आपणच लावलेलं, किंवा देवाचं म्हणून राखलेलं.

फळापेक्षा बीवर नजर ठेवा

आपल्याकडची पोरं रानातलं खाऊनच वाढतात. बोरं, येरोण्या, टेंभरं, चिंचा, आवळे, मोहफुलं. "रानातलं काहीच खाऊ नको" असं सांगणाऱ्या माणसाचं पोरं ऐकत नाहीत, आणि माझ्या मते ऐकूही नये. अडचण दुसरीकडे आहे. चाराची आठोळी फोडली की चारोळी निघते. बिबा फोडला की गोडंबी निघते. शेंगा फोडल्या की दाणे. म्हणजे कठीण कवच फोडलं की आत गोड काहीतरी असतं, हे वैदर्भीय पोराला चौथ्या-पाचव्या वर्षीच कळलेलं असतं. तेच ज्ञान घेऊन ते चंद्रज्योतीपाशी जातं.

म्हणून मी पोरांना एकच नियम सांगते: फळाचा गर आजी खाते तो खा, पण बी फोडून आतलं खायचं असेल तर आधी घरी दाखव. चंद्रज्योत, एरंडी, गुंज, बिट्टी, धोतरा, कुचला, या सगळ्यांची मेख बीमध्ये आहे. नियम लहान असला तर पोरांच्या लक्षात राहतो. झाडांची लांबलचक यादी त्यांना पाठ होत नाही.

चंद्रज्योत

हिच्यावर जास्त बोलते, कारण शाळेतून एकदम आठ-दहा पोरं उलट्या करत येतात ती बहुतेक हिच्यामुळे. मोगली एरंड, रतनज्योत, जट्रोफा, नावं अनेक, झाड एकच. जनावर तोंड लावत नाही म्हणून कुंपणाला उत्तम. त्यात २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीनं जैवइंधनासाठी या झाडाची शिफारस केली आणि पडीक जमिनींवर लागवडी झाल्या. डिझेल किती निघालं ते बाजूला ठेवा, झाडं मात्र राहिली.

पावसाळा सरता सरता हिरवी फळं धरतात, मग पिवळी पडतात, मग काळी होऊन वाळतात. फोडलं की आत सहसा तीन काळ्या बिया. वरचं साल काढलं की पांढरा गर, आणि चव चक्क शेंगदाण्याकाजूसारखी. कडू असती तर पहिल्याच पोरानं थुंकली असती. गोड लागते म्हणून ते दोस्ताला बोलावतं, दोस्त बहिणीला. काही पोरं शेकोटीत भाजून खातात आणि भाजल्यावर काही होत नाही असं एकमेकांना सांगतात. भाजल्यानं यातलं सगळं विष मरत नाही.

अर्ध्या तासापासून काही तासांत पोटात आग, मळमळ, उलट्यांवर उलट्या, मग पातळ जुलाब. वेळेवर सलाइन लागलं तर बहुतेक पोरं एक-दोन दिवसांत सावरतात. घात होतो तो अंगातलं पाणी संपल्यानं. म्हणून पोर शुद्धीवर असेल तर नेताना वाटेत ओआरएस चमच्याचमच्यानं द्या, आशाताईकडे पाकिटं असतात. घटाघटा पाजू नका, सगळं बाहेर येईल.

गुरुजींसाठी एक गोष्ट. मधल्या सुट्टीनंतर तीन पोरं ओकायला लागली की पहिला संशय खिचडीवर जातो. खिचडीचा नमुना ठेवाच, पण त्याच मिनिटाला विचारा, "कुंपणाकडे कोण गेलं होतं?" रागानं विचाराल तर उत्तर मिळणार नाही. मार बसेल म्हणून पोरं ओठ शिवून बसतात. मी असं विचारते: "बिया कोण्या झाडाच्या गोड लागल्या रे? मलेही दाखव." मग पाच हात वर होतात. एक पोर आजारी पडलं की त्याच्यासोबत कोण होते ते सगळे शोधायचे, आज गैरहजर असणारा भाऊसुद्धा.

धोतरा: "याले बाहेरचं लागलं जी"

संध्याकाळची वेळ. आई सहा वर्षांच्या पोराला कडेवर घेऊन येते. "सिस्टर, याले बाहेरचं लागलं जी. हवेतल्या माशा धरून राह्यला." पोर खरंच रिकाम्या हवेत चिमटे घेत असतं, कोणाशी तरी बोलतं, मायला ओळखत नाही. तोंड लालबुंद, अंग तापलेलं, जीभ कोरडी ठाक. आणि डोळ्यांच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या की बुबुळाचा रंगच दिसत नाही. मोबाइलचा उजेड पाडला तरी आकसत नाहीत.

हा धोतरा. महाशिवरात्रीला पिंडीवर वाहिलेली काटेरी बोंडं दुसऱ्या दिवशी मंदिरामागे पडलेली असतात, आणि पावसाळ्यात उकिरड्याशेजारी झाड आपोआप उगवतं. बोंड फुटलं की बारीक बिया मूठभर निघतात. असं पोर भगताकडे नेण्यात जे तास जातात तेच महागात पडतात. मी भगताशी भांडत नाही. म्हणते, त्याला पण गाडीत घ्या, तो दवाखान्यात बसून मंत्र म्हणेल, तोवर डॉक्टर आपलं काम करतील.

इथे एक बारकावा जपून ठेवा. फवारणीच्या औषधाची बाधा झाली तर बाहुल्या सहसा अगदी बारीक होतात, तोंडातून लाळ गळते, घाम फुटतो. धोतऱ्यात सगळं उलटं: बाहुल्या मोठ्या, तोंड कोरडं, कातडी कोरडी. फवारणीच्या विषावर दवाखान्यात ॲट्रोपीन नावाचं औषध देतात, आणि धोतऱ्याच्या विषात मुळात ॲट्रोपीनच असतं, म्हणजे गैरसमजातून तेच दिलं तर विषात भर. त्यामुळे "शेतात होता, फवारा मारलेला होता" एवढंच सांगून थांबू नका. धोतऱ्याचं बोंड सापडलं असेल तर ते डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.

उशिरा त्रास देणारी

गुंज, एरंडी आणि कळलावी. यांतलं काही खाल्लेलं पोर पहिले काही तास खेळतं, जेवतं, आणि घरचे म्हणतात काही झालं नाही. गुंजेचं कवच कठीण असतं, अख्खी गिळलेली बी बऱ्याचदा तशीच बाहेर पडते. पण चावली, किंवा माळेसाठी सुईनं भोक पाडलेली असली, तर गोष्ट वेगळी. एरंडीचंही तसंच, चावलेली बी धोक्याची. घरात एरंडीचं तेल औषधाला वापरतात म्हणून बीही चालते असं समजू नका, ते विष तेलात उतरत नाही, चोथ्यात राहतं. कळलावी म्हणजे लाल-पिवळ्या ज्वाळेसारख्या फुलांची वेल. तिचा कंद पावसाळ्यात दुसऱ्या कंदाबरोबर खणला जातो. काही तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात, आणि एक-दोन दिवसांनी अवयव निकामी व्हायला लागतात. या तिघांत त्रास दिसण्याची वाट पाहायची नाही.

बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, थेट हृदयावर जाते. पोर ओकतं, गळून जातं, नाडी मंद किंवा वेडीवाकडी होते. हिच्या बियांनी पोरं खेळतात, त्यामुळे खिशातही सापडतात. ईसीजी होईल अशाच ठिकाणी न्या.

गडचिरोली-चंद्रपूरकडच्या बायांना कुचला सांगायला नको. त्याच्या बीनं अंग ताठ होऊन झटके येतात, आवाज झाला की पुन्हा झटका. गाडीत गोंधळ करू नका, तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका, फक्त पोहोचा.

तरोट्याची, म्हणजे टाकळ्याची, भाजी आपण पावसाळ्यात आवडीनं खातो, खुशाल खा. पण त्याच्यासोबतच कासविंदा उगवतो. तरोट्याच्या पानाला तीन जोड्या, पानं टोकाला गोल, शेंग बारीक, लांब आणि वाकडी. कासविंद्याच्या जोड्या सहसा जास्त, पानं टोकदार, शेंग चपटी, आणि चुरगळलं की घाण वास. २०१६ साली ओडिशाच्या मलकानगिरी जिल्ह्यात आदिवासी बालकं दगावली, तेव्हा तज्ज्ञांनी याच झाडाच्या शेंगांवर बोट ठेवलं होतं. उपाशीपोटी, कुपोषित पोराला जास्त बाधतं. शेंगा चघळून लेकरू अचानक ओकायला लागलं, बरळायला लागलं, झटके आले, तर तापाचं समजून घरी ठेवू नका.

डोळा आणि कातडी

रुईचा चीक डोळ्यात गेला तर पापणी उघडून स्वच्छ पाण्याची धार धरा, पंधरा-वीस मिनिटं, पोर कितीही रडलं तरी. मग डोळ्याच्या डॉक्टरांकडे. दूध, मध, गुलाबपाणी काही नाही. सीताफळाच्या बिया वाटून उवांसाठी डोक्याला लावतात, ते पाणी डोळ्यात उतरलं तर हाच उपाय. खरं म्हणजे तो लेपच बंद करा, उवांचं औषध मेडिकलमध्ये मिळतं. बिबा उतला, म्हणजे त्याचं तेल लागून अंगावर फोड आले, तर साबणानं धुवा, फोड फोडू नका. गणपतीच्या पत्रीत धोतरा, रुई, कण्हेर तिन्ही असतात, तेव्हा पत्री तोडून आलेल्या पोरांचे हात आधी धुवायला लावा, मग मोदक.

ओकारीचं का नाही

लोकांना सगळ्यात पटत नाही ते हेच. मिठाचं पाणी पाजून ओकवणं घराघरात चालतं. लहान पोराच्या अंगात मीठ एकदम वाढलं तर त्यानंच झटके येतात. गुंगीतल्या पोरानं ओकलं तर ओकारी फुप्फुसात जाते. चिंचेचं पाणी, तूप, दूध, शेणाचं पाणी, कडुनिंबाचा रस, यांतलं काही विष मारत नाही. व्हॉट्सॲपवर फिरणारा घरगुती कोळशाचा उपायही नको. दवाखान्यातला कोळसा वेगळा असतो, तो कधी द्यायचा आणि कोणाला द्यायचा नाही ते डॉक्टर ठरवतात. पोर गुंगीत असेल तर कुशीवर झोपवा, एकटं सोडू नका.

दवाखान्यात चार गोष्टी न विचारता सांगा: काय खाल्लं, साधारण किती, किती वाजता, आणि घरी काय काय पाजलं. शेवटचं लाजून लपवू नका. झाड ओळखू येत नसेल तर डॉक्टरांना सांगा की दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८००११६११७ वर चोवीस तास सल्ला देतं. त्यांना ठाऊक असेलही, पण सांगायला काय जातं.

पोरांनाच पुढे चालू द्या

पोळ्याच्या आसपास शाळेतल्या पोरांना घेऊन गावाला एक चक्कर मारा. तुम्ही दाखवायचं नाही, त्यांनी दाखवायचं: कोणत्या झाडाचं काय खातात. मला या फेरीत जे कळलं ते आईबापांना ठाऊक नव्हतं. कोणता पोरगा सगळ्यांना बिया फोडून देतो, तेही कळतं. त्यालाच राखणदार करा. मोठ्यानं रागावण्यापेक्षा हे चालतं.

शाळा-अंगणवाडीच्या कुंपणातली चंद्रज्योत काढा, मेंदी लावा. काढणं जमत नसेल तर फळं पिवळी पडायच्या आत तोडून खोल पुरा. धोतरा आणि पांढरी रुई काढा म्हटलं की म्हाताऱ्या म्हणतात, "कायले वं माय, थे तं देवाचं झाड हाय." मग मी झाडाला हात लावत नाही. बोंडं तेवढी खुडते, फुलं देवाला राहतात. एरंडी वाळवायची असेल तर अंगणात नाही, माळ्यावर.

सुट्टी मिळून घरी आल्यावर दोन-तीन दिवस लघवीकडे लक्ष ठेवा. कमी झाली, लाल झाली, किंवा धोतरा खाल्लेल्या पोराचं ओटीपोट फुगलं आणि लघवी होत नसेल, तर परत न्या. शौचातून रक्त, डोळे पिवळे, पोर झोपूनच राहतं, हेही तसंच. कागद जपून ठेवा, आणि परत जाताना सोबत घ्या.