जुन्या डेमितास कपबश्या जमवताय? या चुका टाळा

डेमितास म्हणजे जेवणानंतरच्या कडक काळ्या कॉफीचा इवलासा कप. फ्रेंचमध्ये शब्दाचा अर्थच ‘अर्धा कप’. आत मावते ६० ते ९० मिलिलिटर, उंची पाच-सहा सेंटिमीटर, बशी ११-१२ सेंटिमीटरची. जागा कमी लागते आणि एकेक जोडी सुटी विकत मिळते, त्यामुळे चिनी मातीच्या छंदाची सुरुवात पुष्कळांची इथून होते. पैसेही पुष्कळांचे त्याच त्या चुकांत जातात.

शिक्का आधी बघणे

कप हातात आला की तो उलटा करायचा, मोबाइलवर शिक्का शोधायचा आणि लगेच भाव ठरवायचा, ही सवय आधी सोडा. कपावर सर्वांत सहज नक्कल होते ती शिक्क्याचीच. आधी मातीचा पोत, रंगकाम, सोनेरी काठाची झीज आणि कान जिथे जोडलाय तो सांधा बघा. शिक्का शेवटी.

जर्मनीतल्या मायसेन या पोर्सिलेनच्या, म्हणजे चिनी मातीच्या कारखान्याचंच उदाहरण घ्या. कारखाना १७१० चा, निळ्या दोन तलवारींची खूण १७२० च्या दशकापासूनची. त्याच सुमारास सॅक्सनीचा शासक आणि पोलंडचा राजा ऑगस्टस याच्यासाठी केलेल्या काही भांड्यांवर ‘एआर’ ही गुंफलेली अक्षरं असायची, म्हणजे ऑगस्टस रेक्स. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ड्रेस्डेनमधल्या हेलेना वोल्फसोनच्या रंगशाळेनं हीच अक्षरं आपल्या मालावर सर्रास घातली. चार पाकळ्यांचा कप, एका पाकळीवर बागेतलं युगुल, शेजारच्या पाकळीवर फुलं, अशी त्यांची ठरलेली धाटणी. मायसेननं कोर्टात खेचलं आणि ती खूण त्यांना सोडावी लागली. पण तोवर कपबश्या जगभर गेल्या होत्या. त्या आजही ‘राजाच्या काळातल्या’ म्हणून विकायला येतात. वोल्फसोनच्या जोड्या सुंदर असतात, जमवण्याजोग्याही असतात, पण त्यांच्याच भावात. ‘ड्रेस्डेन’ शब्दावर मुकुट असेल तर तो शिक्का १८८३ मध्ये नोंदवलेला आहे. त्याच्या आधीची तारीख सांगणाऱ्याकडून काही घेऊ नका.

व्हिएन्नाच्या जुन्या कारखान्याचं तसंच. विक्रेते ज्याला ‘मधमाश्यांच्या पोळ्याचा शिक्का’ म्हणतात ती उलटी धरलेली ढाल आहे. ती निळ्या रंगात, ग्लेझच्या (मातीवरच्या काचेसारख्या चकचकीत लेपाच्या) खाली असते. दहापट भिंगाखाली कप तिरका धरा: खूण ग्लेझखाली असेल तर तिच्यावरून चकाकी अखंड सरकते, वर मारलेली असेल तर कडेला तुटते. १७८३ पासून तिथे मातीतच वर्षाचे आकडे दाबलेले सापडतात. आधी शेवटचे दोन, १८०० पासून तीन. कारखाना १८६४ ला बंद झाला, पण ढाल पुढे अनेकांनी वापरली. अशा कपांवर चित्राखाली ‘कौफमन’ अशी सही दिसली की लोक हरखतात. चित्रकार अँजेलिका कौफमन १८०७ मध्येच वारली. त्या कपांवर असतात ती तिच्या चित्रांवरून छापलेली चित्रं. भिंग लावा, ठिपके दिसतील. हाताच्या कामात कुंचल्याचा फराटा दिसतो.

देशाच्या नावाबद्दल थोडक्यात. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यामुळे १८९१ पासून तिथे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव आलं. नाव असेल तर कप बहुधा त्यानंतरचा. नाव नसेल तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण सगळा माल अमेरिकेला जात नव्हता. आणि शिक्क्यात दिसणारं लिमोज हे फ्रान्समधलं शहर आहे, कंपनी नव्हे.

कुठलीही बशी कपाला लावून घेणे

कप फुटतो, बशी उरते. मग विक्रेता दुसरीकडचा कप तिच्यावर ठेवतो आणि जोडी म्हणून विकतो. मुंबईच्या चोरबाजारात असो की लंडनच्या लिलावात, कप आणि बशी दोन वेगळ्या वस्तू समजूनच तपासा.

कपाचं बूड बशीच्या खोलग्यात नीट बसायला हवं, डुगडुगायला नको आणि सैलही नको. मग दोन्हींवर मागून टॉर्च मारा. बोन चायनात जवळपास निम्मी हाडांची राख असते आणि त्यातून उजेड उबदार, दुधाळ येतो. हार्ड पेस्टमधून, म्हणजे हाडांची राख नसलेल्या कडक पोर्सिलेनमधून, थंड, निळसर-करडा. एकातून एक रंग आणि दुसऱ्यातून दुसरा आला तर जोडी तिथेच मोडली. नक्षीचा नंबर दोन्हींवर ताडून बघा. सोन्याची झीजही बघा: कपाचा काठ घासलेला आणि बशी कोरी, हे एका घरात शंभर वर्षं वापरलेल्या जोडीत क्वचितच होतं. इंग्लंडच्या रॉयल वूस्टरसारख्या कारखान्यांच्या मालावर शिक्क्यातल्या ठिपक्यांवरून वर्ष कळतं. एका वर्षाचा फरक आला तर चालतो, दहा वर्षांचा नाही.

याची उलट चूकही होते. १८०० च्या आसपासचा सरळ उभा इंग्लिश कॉफी कप बशीशिवाय मिळाला की लोक तो अपुरा समजून सोडतात, किंवा हट्टानं त्याला बशी शोधत बसतात. त्या काळात चहाचा कप, कॉफीचा कप आणि दोघांत मिळून एकच बशी असा संच विकला जाई. एकटा कप घ्या, एकटाच मांडा. भलती बशी लावली तर त्याचा इतिहास बिघडतो.

डागडुजी न ओळखणे

कप उघड्या तळहातावर ठेवा आणि काठावर नखानं हलकी टिचकी मारा. घंटेसारखा नाद आला तर ठीक. ठक्क आवाज आला तर कुठेतरी केसासारखा तडा आहे. कान धरून टिचकी मारली तर चांगला कपही मुका वाटतो. नंतर अंधारात यूव्ही टॉर्च फिरवा, वरून रंगवलेला भाग बहुधा वेगळा चमकतो. काही नवे रंग चमकत नाहीत, म्हणून काठ आणि कान ओठाला लावा. पोर्सिलेन गार लागतं, रंगवलेला टवका कोमट.

ब्लीच

ग्लेझच्या बारीक भेगांत शिरलेले तपकिरी डाग घालवायला कपडे धुण्याच्या ब्लीचमध्ये कप बुडवू नका. कप पांढरा होतो खरा, पण भेगांत राहिलेले क्षार पुढे ग्लेझ उचकटतात आणि पापुद्रे सुटतात. त्याऐवजी डिस्टिल्ड पाण्यात एक-दोन दिवस ठेवा, पाणी बदलत राहा. घाई असणाऱ्यांनी डाग तसाच ठेवावा. आधी सांधलेला कप मात्र भिजवूच नका, जुना डिंक सुटतो.

बाकी थोडक्यात

कप कानानं हुकाला टांगू नका. सांधा त्या वजनासाठी नाही. एकात एक रचू नका. सोनेरी काठ मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या देतो, डिशवॉशरमध्ये विरतो. ग्लेझवरच्या जुन्या रंगांत शिसं असू शकतं, कॉफी रोजच्या कपातच प्या.

भारतात १०० वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते. परदेशातल्या नातेवाइकांना कप भेट पाठवायचा असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करा.

पार्सल बांधताना कप बशीत ठेवू नका. दोन्ही वेगळे, आधी आम्लरहित टिश्यूत, मग बबल रॅपमध्ये. बबल थेट सोन्यावर बसला तर ठसे उमटू शकतात. वर्तमानपत्राची शाई लागते. कपाच्या पोटात टिश्यू हलकाच भरा. दाबून भरला तर काठावर ताण येतो.