फोन तुमचा, चावी कंपनीची: रूट आणि जेलब्रेक करताना या चुका टाळा

गेल्या दिवाळीत रात्री साडेअकराला मावसभावाचा फोन आला, तोही मावशीच्या नंबरवरून. त्याच्या स्वतःच्या मोबाइलवर कंपनीचा लोगो उजळायचा, वीसेक सेकंदांनी फोन थरथरायचा, स्क्रीन काळी व्हायची आणि पुन्हा तोच लोगो. "दादा, मी काहीच केलं नाही रे, फक्त रूट मारलं," तो म्हणाला. रूट मारणं म्हणजे अँड्रॉइड फोनच्या सिस्टिममध्ये सर्वाधिकार मिळवणं; आयफोनवर ॲपलने घातलेली बंधनं तोडणं म्हणजे जेलब्रेक.

चूक साधी होती. मॅजिस्क या रूट करणाऱ्या टूलने बदललेली बूट फाइल, म्हणजे फोन सुरू होताना लागणारी फाइल, त्याने टाकली होती, पण ती त्याच्या फोनमधल्या बिल्डची, म्हणजे सॉफ्टवेअरच्या नेमक्या आवृत्तीची, नव्हती. मॉडेल तेच, बिल्ड मात्र एक अपडेट मागचं. एकेक पायरी सांगत त्याला फास्टबूटमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरून फोनमध्ये सॉफ्टवेअर टाकायच्या मोडमध्ये, नेलं, त्याच्याच बिल्डची मूळ बूट फाइल परत टाकायला लावली आणि पाऊण वाजता फोन उठला. काकांच्या साठीचे फोटो मात्र परत आले नाहीत. ते बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचं कुलूप, उघडतानाच पुसले गेले होते. बूटलोडर उघडला की फोन आतला सगळा डेटा पुसतो. चोराने फोन उघडून आतलं वाचू नये म्हणून ही सोय मुद्दाम केलेली असते. तशी सूचना स्क्रीनवर येते, इंग्रजीत, बारीक अक्षरात, आणि आपण ती न वाचता व्हॉल्यूमचं बटण दाबून मोकळे होतो.

माझं मत आधीच सांगतो. पैसे मोजून घेतलेल्या फोनवर काय चालावं हे ठरवायचा हक्क घेणाऱ्याचा आहे, आणि कंपन्या तो दरवर्षी थोडा थोडा काढून घेताहेत. म्हणूनच कंपनीने कुलूप कुठे आणि कसं घातलंय हे समजून घेतलं पाहिजे. न समजता हात घातला तर नुकसान कंपनीचं होत नाही, आपलंच होतं.

चार वेगवेगळी कुलपं एकच समजणं

बहुतेक घोळ इथूनच सुरू होतो. "फोन अनलॉक करून द्या" असं म्हणत लोक येतात, पण नेमकं कोणतं कुलूप ते त्यांनाच ठाऊक नसतं.

अमेरिकेतल्या भाच्याने आणलेल्या आयफोनमध्ये इथलं सिम चालत नाही, तेव्हा ते नेटवर्कचं कुलूप असतं. ते तिथली मोबाइल कंपनीच काढून देते. भाच्याने परत जायच्या आधी तिथल्या खात्यातून अर्ज करणं हा खरा उपाय. जेलब्रेक करून तो प्रश्न सुटत नाही.

बूटलोडर म्हणजे फोन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम. पुढे कोणतं सॉफ्टवेअर चालू द्यायचं ते तो सही तपासून ठरवतो. अँड्रॉइडच्या काही कंपन्या तो उघडायचा अधिकृत रस्ता देतात. रूट ही त्यानंतरची पायरी, म्हणजे चालू सिस्टिममध्ये सर्वाधिकार मिळवणं. नुसता बूटलोडर उघडून, रूट न करता, कस्टम रॉम, म्हणजे कंपनीबाहेरच्यांनी बनवलेली अँड्रॉइड सिस्टिम, टाकता येते. अनेकांना तेवढंच पुरतं.

आयफोनला असा अधिकृत रस्ताच नाही. तिथे प्रत्येक ॲप आपापल्या बंद खोलीत चालतं आणि ॲपलची सही असलेलाच कोड चालतो. या भिंती पाडायच्या तर सिस्टिममध्ये एखादी त्रुटी सापडावी लागते. जून २००७ मध्ये पहिला आयफोन आला तेव्हा बाहेरच्या ॲप्सना त्यात जागाच नव्हती, आणि पुढच्याच महिन्यात लोकांनी जेलब्रेक केला. सिडिया हे जेलब्रेकवाल्यांचं दुकान फेब्रुवारी २००८ मध्ये सुरू झालं, ॲपलचं स्वतःचं ॲप स्टोअर त्यानंतर, जुलैमध्ये. आज ज्या सोयींसाठी आपण फोन घेतो त्यातल्या कितीतरी आधी या "बेकायदा" समजल्या गेलेल्या मंडळींनी करून दाखवल्या, हे विसरू नये.

आयफोन: आधी अपडेट करून मग जेलब्रेकचा विचार करणं

जेलब्रेक त्रुटीवर उभा असतो आणि अपडेट त्रुटी बुजवतं. त्यामुळे आयओएसचा आकडा आधी बघायचा, टूल नंतर शोधायचं. "अपडेट झालं तर जुन्यावर परत जाऊ" हा हिशेब चालत नाही. आयओएस टाकताना फोन ॲपलच्या सर्व्हरकडे सही मागतो आणि नवी आवृत्ती आली की ॲपल जुन्या आवृत्तीला सही देणं लवकरच बंद करतं. फाइल तुमच्याकडे असली तरी उपयोग नाही.

सप्टेंबर २०१९ मध्ये समोर आलेली चेकएम८ ही त्रुटी मात्र वेगळी. ती बूटरॉममध्ये, म्हणजे चिपमध्येच कोरलेल्या भागात आहे. आयफोन ४एसपासून आयफोन एक्सपर्यंतच्या फोनमध्ये ती आहे आणि कोणत्याही अपडेटने जाणार नाही. तुमच्या कपाटात जुना आयफोन ७ पडला असेल तर शिकायला त्याच्याइतकी चांगली वस्तू नाही.

या जातीच्या जेलब्रेकची एक अडचण लोक बिघाड समजून बसतात. फोन बंद करून सुरू केला की जेलब्रेक निघून जातो आणि कॉम्प्युटरला जोडून पुन्हा करावा लागतो. तो दोष नाही, त्याची रीतच तशी. दुसरी अडचण गंभीर आहे. आयफोन ८, ८ प्लस आणि एक्सवर पॅलेरेन हे चेकएम८वरचं जेलब्रेक टूल वापरायचं तर पासकोड बंद ठेवावा लागतो. पासकोड नसलेला फोन लोकलच्या गर्दीत खिशात घेऊन फिरू नका. तो घरच्या टेबलावरच राहू द्या.

पासवर्ड न बदलणं ही तर जुनीच खोड. जेलब्रेक केलेल्या आयफोनवर लोक एसएसएच (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून फोनमध्ये शिरायची सोय) सुरू करायचे, पण मूळ पासवर्ड "अल्पाइन" तसाच ठेवायचे. सगळ्या जगाच्या फोनला तोच पासवर्ड! नोव्हेंबर २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात आयकी नावाचा वर्म (आपोआप पसरणारा प्रोग्रॅम) याच फटीतून फोनमागून फोन शिरत गेला. त्याने फक्त वॉलपेपर बदलला, पण त्याच वाटेने पुढे आलेले तेवढ्यावर थांबले नाहीत. २०१५ मध्ये कीरेडर या मालवेअरने जेलब्रेक केलेल्या फोनमधून सव्वादोन लाखांहून जास्त ॲपल खाती चोरली. ते पसरलं ते फुकटचे ट्वीक (फोनमध्ये बदल करणारे छोटे प्रोग्रॅम) वाटणाऱ्या सोर्समधून, म्हणजे सिडियाला जोडलेल्या बाहेरच्या साठ्यांतून. विकतचं ॲप फुकटात मिळावं म्हणून अनोळखी सोर्स जोडू नका. भिंत आपण पाडलेली असते, त्यामुळे आत आलेल्याला अडवायला कोणी उरलेलं नसतं.

अँड्रॉइड: घाईने फोन मारणाऱ्या चुका

शाओमीचा बूटलोडर उघडायचा तर खातं जोडल्यावर थांबावं लागतं. बराच काळ ही मुदत १६८ तासांची, म्हणजे पूर्ण सात दिवसांची होती आणि हायपरओएस या शाओमीच्या नव्या सिस्टिमनंतर अटी आणखी कडक झाल्या. या थांबण्याला कंटाळून लोक टेलिग्रामवर "लगेच करून देतो" म्हणणाऱ्याला पैसे पाठवतात आणि वर त्याला आपल्या कॉम्प्युटरचा ताबाही देतात. मुदत असेल तेवढे दिवस थांबा. तेवढ्यात बॅकअप घ्या.

जुनं सॉफ्टवेअर टाकणं हा दुसरा सापळा. चिपमध्ये एक मोजणी असते, नवं सॉफ्टवेअर आलं की ती पुढे सरकते आणि पुन्हा मागे येत नाही. याला अँटी-रोलबॅक म्हणतात. २०१८ मध्ये रेडमी नोट ५ प्रोवाल्यांना हा फटका बसला. जुनी मियुआय (शाओमीची आधीची सिस्टिम) टाकली आणि फोन कायमचे झोपले. जुनं सॉफ्टवेअर टाकण्याआधी फाइलची मोजणी आपल्या फोनच्या मोजणीपेक्षा कमी तर नाही ना, हे बघितल्याशिवाय हात लावू नका.

सगळ्यात जास्त फोन मात्र मी परतीच्या वाटेवर मेलेले पाहिलेत. फोन विकायचा असतो किंवा बँकेचं ॲप पुन्हा चालवायचं असतं, म्हणून मॅजिस्क किंवा कस्टम रॉम तशीच ठेवून लोक बूटलोडर लॉक करतात. लॉक झालेला बूटलोडर सही तपासतो, सही जुळत नाही, तो पुढे जाऊच देत नाही. बूटलोडर उघडायची परवानगी देणारं, सेटिंगमधलं ओईएम अनलॉकिंगचं बटण बंद असेल तर परत उघडताही येत नाही. योग्य क्रम असा: त्याच मॉडेलचं, त्याच प्रदेशाचं संपूर्ण मूळ सॉफ्टवेअर टाका, फोन एकदा पूर्ण सुरू करून कॉल आणि वायफाय तपासा, ओईएम अनलॉकिंग चालू आहे ना बघा, आणि मगच लॉक करा. चीनमधून आलेल्या शाओमीवर ग्लोबल रॉम असेल तर लॉक करायच्या भानगडीत पडूच नका.

सॅमसंगवाल्यांसाठी वेगळी सूचना. अनधिकृत सॉफ्टवेअर आत गेलं की नॉक्स या सॅमसंगच्या सुरक्षा व्यवस्थेचा फ्यूज उडतो. तो खराखुरा इलेक्ट्रॉनिक फ्यूज आहे, मूळ सॉफ्टवेअर टाकून जुळत नाही. सिक्युअर फोल्डर आणि सॅमसंगची पेमेंट सेवा त्या फोनवर कायमची गेली.

आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) आणि सेन्सरची माहिती असलेले ईएफएस आणि पर्सिस्ट हे भाग आहेत. चुकून ते पुसले गेले की नेटवर्क जातं किंवा सेन्सर बिघडतात. रॉम टाकण्याआधी या दोन भागांची प्रत कॉम्प्युटरवर ठेवा आणि *#०६# दाबून आलेले दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवा. आकडे उडाले तर आपल्याच प्रतीतून परत आणा. "दुसरा आयएमईआय मारून देतो" म्हणणाऱ्या दुकानात जाऊ नका. २०२३ च्या दूरसंचार कायद्याखाली असा आकडा बदलण्याला तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

यूपीआय बंद पडलं, आता?

हे आपल्याकडचं सगळ्यात मोठं दुखणं. भाजीवाल्यापासून वीजबिलापर्यंत सगळं एकाच फोनवर, आणि रूट केलं की पेमेंट ॲप म्हणतं, हे उपकरण सुरक्षित नाही. यामागे गूगलची प्ले इंटिग्रिटी तपासणी असते. बूटलोडर उघडा आहे की बंद, हे नव्या फोनमधली चिप स्वतः सही करून सांगते. ती सही खोटी पाडायला लोक मॅजिस्कला जोडायचे मॉड्यूल टाकतात, दुसऱ्या फोनच्या सहीच्या चोरलेल्या किल्ल्यांच्या फाइली विकत घेतात. दोन आठवडे चालतं, मग गूगल त्या किल्ल्या रद्द करतं आणि भर दुकानात पैसे अडकतात. या मागे लागू नका. व्यवहाराचा फोन वेगळा, प्रयोगाचा वेगळा.

बँकांची काळजी अगदीच चुकीची नाही. रूट असलेल्या फोनवर एखादं वाईट ॲप दुसऱ्या ॲपमधलं वाचू शकतं. पण मला खटकतं ते हे: तीन वर्षं एकही सुरक्षा अपडेट न मिळालेला कंपनीचा फोन बहुतेक ठिकाणी या तपासणीत पास होतो, आणि याच महिन्याचं सुरक्षा अपडेट असलेला लिनिएजओएस या कस्टम रॉमचा फोन नापास होतो. तपासणी सुरक्षेची असती तर निकाल उलटा लागला असता. फोनवर हुकूम कोणाचा चालतो, एवढंच ती बघते.

रूटची गरज नसताना रूट करणं

"कंपनीची फालतू ॲप्स काढायचीत" एवढंच कारण असेल तर रूट नकोच. डेव्हलपर ऑप्शन्समधून यूएसबी डिबगिंग सुरू करा, फोन कॉम्प्युटरला जोडा आणि एडीबी या कॉम्प्युटरवरून आज्ञा देणाऱ्या टूलने ते ॲप फक्त तुमच्या वापरकर्त्यापुरतं काढा. वॉरंटी शाबूत, यूपीआय शाबूत. ॲपची मूळ प्रत सिस्टिममध्ये राहते, त्यामुळे चुकून गरजेचं काही निघालं तरी एका आज्ञेने परत येतं. अगदी लोगोवर अडकला तर रिकव्हरीतून फॅक्टरी रीसेट मारला की फोन उठतो. एका वेळी एकच ॲप काढा, फोन रीस्टार्ट करा, मग पुढचं. यादी उतरवून पन्नास ॲप्स एका दमात उडवली की नेमकं कोणतं नडलं ते कळत नाही.

कायद्याची भीती अनेकांना असते. अमेरिकेत २०१० साली डिजिटल कुलूप तोडण्याच्या बंदीतून सूट देणाऱ्या कॉपीराइट कार्यालयाच्या यादीत फोनचा जेलब्रेक आला, ती सूट इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांच्या संस्थेने लढून मिळवली. आपल्या कॉपीराइट कायद्यातलं २०१२ चं कलम ६५अ कुलूप तोडण्याला शिक्षा सांगतं, पण ती हक्कभंगाच्या हेतूने तोडलं तर. स्वतःच्या फोनवर वेगळी सिस्टिम टाकणं आणि चोरीची ॲप्स वाटणं यात हा फरक आहे. वॉरंटी हा निराळा विषय. ती कंपनी नाकारते, हे धरूनच चाला.

फोन घेताना न विचारणं

चुका निस्तरण्यापेक्षा हा प्रश्न आधी विचारावा, कारण दारं बंद होताहेत. हुआवेने २०१८ मध्ये बूटलोडरचे कोड देणं थांबवलं. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केलं की प्रमाणित अँड्रॉइडवर, प्ले स्टोअरच्या बाहेरूनही, ओळख पटवलेल्या डेव्हलपरचीच ॲप्स बसतील. सुरुवात सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये. ओरड झाल्यावर जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू असं त्यांनी सांगितलं. युरोपात मार्च २०२४ पासून आयफोनवर दुसरी ॲप-दुकानं चालतात, कारण तिथे कायद्याने भाग पाडलं. तोच फोन पुण्यात घेतला तर ती सोय नाही.

म्हणून दुकानात जाण्याआधी दोन गोष्टी बघा. कंपनी बूटलोडर अधिकृतपणे उघडू देते का (पिक्सेलमध्ये सेटिंगमधून परवानगी देऊन फास्टबूटने उघडता येतो, मोटोरोला अनेक मॉडेलांना कोड देते), आणि लिनिएजओएसच्या यादीत नेमकं ते मॉडेल आहे का. नाव एकच असलं तरी भारतातल्या मॉडेलची चिप कधी कधी वेगळी असते, म्हणून डब्यावरचा मॉडेल नंबर अक्षरशः जुळवून बघा. मावसभावाने यंदा नवा फोन घेताना दुकानातून मला त्या नंबरचा फोटो पाठवला. जुना त्याने विकला नाही. त्यावर आता लिनिएज आहे, आणि रविवारी तो त्यावर हवे ते प्रयोग करतो.