नजर एकीकडे, बोट दुसरीकडे: टिकल्या आणि कुंकू घेऊन घरीच करून बघा

परवा इंदूरला रामबागेत ताईकडे पोहे खात बसले होते, नजर मोबाईलवर आणि हात चहाच्या कपाकडे गेला, तर कपाचा कान काही हाताला लागलाच नाही, सरळ धक्का लागला आणि चहा भाच्याच्या वहीवर. भाचा म्हणे, "मावशी, कप तर दिसत होता ना तुला?" दिसत होता रे, पण नुसतं दिसणं वेगळं आणि हाताला नेमकी जागा कळणं वेगळं. मग दुपारी आम्ही दोघांनी हे करून पाहिलं.

जुन्या कॅलेंडरचं मोठं पान कोरी बाजू वर करून भिंतीवर चिकटवा. मधोमध, डोळ्यांच्या लेव्हलला एक टिकली, आणि तिच्यापासून 10 सेंमीवर वर, खाली, डावीकडे, उजवीकडे एकेक. डोळ्यांपासून पान 57 सेंमी लांब पाहिजे, हा आकडा मुद्दाम आहे, कारण एवढ्या अंतरावर 1 सेंमी म्हणजे डोळ्यापाशी जवळपास 1 अंशाचा कोन होतो, हिशोब सोपा. आपल्याला अगदी स्पष्ट दिसतं ते जेमतेम 2 अंश, म्हणजे हात लांब केल्यावर अंगठ्याचं नख दिसतं तेवढंच!

आता खरा प्रयोग. बोटाला ओलं कुंकू लावा, हात मांडीवर. दरवेळी मधल्याच टिकलीला पटकन टेकवायचं, बदलायची फक्त नजर. आधी वरच्या टिकलीकडे बघत 10 वेळा, मग खालच्या टिकलीकडे बघत 10 वेळा. डोळे हलले तर ती खेप बाद, त्यासाठी समोरून डोळ्यांवर लक्ष ठेवायला कोणीतरी हवंच, आणि त्यानेच प्रत्येक ठिपक्याशेजारी पेनाने "व" किंवा "खा" लिहायचं, नाहीतर नंतर सगळा घोळ होतो. नजर वर असते तेव्हा मधली टिकली नजरेच्या खालच्या भागात येते, नजर खाली असते तेव्हा वरच्या भागात, पण हाताचा रस्ता तोच राहतो, म्हणून तुलना खरी होते. 2001 साली कॅनडात जेम्स डँकर्ट आणि मेल्विन गुडेल या संशोधकांनी असंच तपासलं होतं आणि नजरेच्या खालच्या भागातल्या वस्तूला बोट लावणं जास्त चांगलं जमतं असं त्यांना दिसलं. मला हे फार पटतं, आपले हात दिवसभर काम करतात ते नजरेच्या खालीच ना, पोळी लाटा नाहीतर भाजी चिरा.

मग डाव्या-उजव्या टिकलीकडे बघून तेच करा, पण हात उचलताच डोळे मिटा. हात दिसला की वाटेत दुरुस्ती होते, ती बंद झाली की बोट बरेचदा नजरेपासून जरा जास्तच लांब पडतं.

आता लक्षाची गोष्ट. नजर मधल्या टिकलीवर, मदतनीसाची दोन बोटं डाव्या-उजव्या टिकलीपाशी. तो "डावी" म्हणेल आणि एक बोट हलवेल, दिसलं की "हां" म्हणा. चार-पाच वेळा खरं सांगून मध्येच त्याने "डावी" म्हणत उजवं हलवायचं, तेव्हा "हां" उशिरा येतो. डोळे न हलवता लक्ष सरकवता येतं हे हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं, आणि 1980 मध्ये मायकल पोस्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने त्याचा वेळ मोजून दाखवला.

अजून एक छोटं: मधल्या टिकलीपासून 10 सेंमीवर मोठा एकटा "क" लिहा, नजर टिकलीवरच ठेवून तो वाचता येईल, त्याला चिकटून "प" आणि "म" लिहा की गिचमिड होते. गर्दीच्या चौकात कडेने येणारी सायकल कळत नाही त्यात ह्याचाही हात असतो, म्हणून गाडीवर असाल तर मान वळवूनच बघा, प्लीज.

ही डोळ्यांची तपासणी नाही बरं का. एखाद्या बाजूचं दिसतच नसेल किंवा अचानक कमी झालं असेल तर लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, काचबिंदूत कडेची नजर हळूहळू जाते आणि माणसाला कळतही नाही.

आणि पानामागे रद्दी पेपर लावा, ओल्या कुंकवाचा डाग चुन्याच्या भिंतीवरून निघत नाही.