स्कॅड (हृदयाच्या धमनीला आपोआप पडणारी चीर) झाल्यावर आमच्या घरात झालेल्या चुका

वहिनी तेव्हा सेहेचाळीस वर्षांची. ना शुगर, ना बीपी. इंदूरला रामबागेतल्या घरी पहाटे तिच्या छातीत कळ आली, हाताला मुंग्या आल्या. रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत खाल्लेलं बाधलं म्हणून आम्ही ओवा-काळं मीठ दिलं आणि दोन तास घालवले. बाई धडधाकट असली तरी अशा वेळी १०८ लाच फोन करायचा. पहिला ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) नॉर्मल आले तरी कळ राहिली तर काही तासांनी पुन्हा तपासतात. तसेच घरी येऊ नका.

अँजिओग्राफीत स्कॅड निघालं. यात धमनीच्या भिंतीचे थर सुटतात, मध्ये रक्त साकळतं आणि रक्ताची मूळ वाट दाबली जाते. रुग्णांत सुमारे ९० टक्के बायका, बाळंतपणानंतरही होतं.

मग दादा डॉक्टरांवरच चिडला : “अटॅक आलाय आणि स्टेंट नाही?” त्याचं चुकत होतं. इथे स्टेंट घालताना साकळलेलं रक्त पुढे ढकललं जाऊ शकतं, चीर लांबू शकते. रक्तप्रवाह ठीक असेल, कळ थांबली असेल तर बहुतेक धमन्या काही महिन्यांत आपोआप भरून येतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१८ च्या निवेदनातही अशा रुग्णांसाठी स्टेंट न घालता थांबण्याकडेच कल आहे. कळ थांबेना, बीपी पडलं किंवा डावी मुख्य धमनी चिरली, तर मात्र स्टेंट किंवा बायपासचा विचार होतो. सुरुवातीच्या दिवसांत चीर वाढू शकते, म्हणून डिस्चार्जसाठी मागे लागू नका. आम्ही लागलो होतो!

पुढची चूक वहिनीची. “बीपी नॉर्मल आहे, मग गोळी कशाला?” म्हणत तिने बीटा ब्लॉकर बंद केली. ती गोळी नुसती बीपीची नव्हती. स्कॅड पुन्हा होऊ नये म्हणूनही होती. स्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळीचं उलटं : कोलेस्टेरॉल वाढलेलं नसेल तर केवळ स्कॅडसाठी ती सहसा लागत नाही. मायग्रेनची किंवा गर्भनिरोधक गोळी चालू असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना सांगाच.

वर्षाचे गहू भरायच्या दिवसांत ती पोतं उचलायला वाकली आणि आई ओरडली. श्वास रोखून जड उचलणं नकोच. पण नुसतं ‘पडून राहा’ म्हणणंही चूक. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं.

मानेच्या आणि मूत्रपिंडाच्या धमन्यांची तपासणी आम्ही वर्षभर लांबवली. स्कॅडच्या अनेक रुग्णांत त्याही कमकुवत निघतात. अँजिओग्राफीची सीडी आता वहिनीच्या पर्समध्येच असते.