हिरवं डावीकडे ठेवा: दोन कालव्यांच्या काठाने सायकलवर चार दिवस

पुण्यात सायकलवाल्यांना चढाचं भारी कौतुक. कोण सिंहगड किती मिनिटांत चढला, कोणी एका सकाळी बोपदेव घाट दोनदा केला. मी एक्कावन्न वर्षांची गणिताची बाई, धाकटी जाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान, आणि आम्हा दोघींनाही चढ आवडत नाहीत. राहतो फुरसुंगीला. सासऱ्यांची, म्हणजे आबांची, शेती कालव्याच्या पाण्यावर. आमच्या घरात ‘पाणी कधी सुटतंय’ हे ‘जेवलात का’च्या आधी विचारतात. आमची कुरकुर ऐकून एकदा आबाच म्हणाले, “चढ नको ना? मग पाण्याच्या मागं जा. पाणी कधी चढलंय का?”

तेव्हापासून तीन वेळा नाताळच्या सुटीत गेलो. कसं जायचं ते सांगते.

कालवा म्हणजे उतारावर एकच उंची धरून खणलेला पाट. किलोमीटरला वीत-दोन वीत उतार, बस्स. जास्त दिला तर पाणी काठ खातं, कमी दिला तर गाळ बसतो. पाण्यासाठी केलेली ही सोय सायकलला फुकट मिळते. मोबदल्यात कालवा वळसे घ्यायला लावतो. प्रत्येक ओढ्याशी आत वळतो, प्रत्येक टेकाडाला बाहेरून फिरतो. जुना मुठा उजवा कालवा खडकवासल्यापासून पाटसच्या माटोबा तलावापर्यंत ११२ किलोमीटरचा, आणि रस्त्याने तेच अंतर ऐंशीच्या आसपास. म्हणून नकाशावर दहा किलोमीटर दिसले की मी चौदा धरते. हा हिशेब न केल्यामुळे पहिल्या वर्षी आम्ही अंधारात मुक्कामाला पोचलो होतो.

आमची वाट अशी. पहिले दोन दिवस मुठा उजव्या कालव्याने पूर्वेला पाटसपर्यंत, तिथून बारामती. तिसऱ्या दिवशी नीरा डाव्या कालव्याने पश्चिमेला नीरेपर्यंत आणि पुढे जेजुरी. चौथ्या दिवशी सासवडवरून दिवे घाट उतरून घरी. फोनवरचा नकाशा कालव्याच्या काठावर फारसा कामाचा नाही, त्यामुळे एक खूण पाठ करा: भिजणारं रान डाव्या हाताला.

हे जमतं कसं, तर उजवा-डावा काठ नदी वाहते तिकडे तोंड करून ठरतो. मुठेचा उजवा कालवा नदीच्या दक्षिणेला, त्यामुळे पाणी चाऱ्यांमधून, म्हणजे शेताकडे काढलेल्या छोट्या पाटांमधून, खाली उत्तरेला जातं. आपण पूर्वेला निघालेलो, म्हणजे ऊस डावीकडे. नीरेचा डावा कालवा नदीच्या उत्तरेला, पाणी दक्षिणेला उतरतं. तिथे आपण पश्चिमेला निघालेलो, म्हणजे ऊस पुन्हा डावीकडेच. दोन्ही वेळा उजव्या हाताला सुपे, मोरगाव, पुरंदरचा जिरायत पट्टा: ज्वारी, कुसळी गवत, मेंढरं. बराच वेळ हिरवं उजवीकडे दिसत राहिलं तर एखाद्या चारीच्या नादाला लागून खाली उतरलात असं समजा. (पाणी पंपाने वर उचलणाऱ्या उपसा योजनांमुळे आता वरच्या अंगालाही मधूनच ऊस दिसतो, तेवढ्याने फसू नका.) जाऊच्या लक्षात आलं की ही सरळ प्रदक्षिणाच आहे. कोरडा मुलूख उजवीकडे ठेवून फिरायचं, आणि त्याच्या मधोमध मोरगावचा मयूरेश्वर.

निघण्याआधी दोन चौकशा करा. पहिली आवर्तनाची, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळीची. रब्बीचं पाणी कधी सुटणार हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीनंतर पेपरात येतं. पाणी चालू असताना काठाला गारवा असतो, खंड्या आणि बगळे सोबतीला असतात. कोरड्या कालव्यात मात्र नुसतं अस्तर आणि प्लास्टिक. पण पाणी सुटल्यावर पहिले चार-पाच दिवस टाळा. पाझरामुळे काठ ओला होतो, आणि आपली काळी माती मडगार्डात अशी बसते की चाक फिरत नाही, काडीने खरवडत बसावं लागतं.

दुसरी चौकशी काठाची. काठावरचा सेवारस्ता जलसंपदा खात्याचा आहे, आपला नाही. कुठे फाटक असतं, कुठे चर खणलेला असतो, कुठे काम चालू असतं. पाटकरी, म्हणजे पाणी सोडणारा कालव्यावरचा माणूस, भेटला की थांबून विचारा. पुढे किती किलोमीटर वाट धड आहे हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. तो नको म्हणाला तर वाद न घालता गावच्या रस्त्याला लागा, पुढच्या पुलावर कालवा पुन्हा भेटतोच. भरावाच्या कडेने तर चालवूच नका. २७ सप्टेंबर २०१८ला मुठा उजवा कालवाच पुण्यात दांडेकर पुलाजवळ फुटला आणि भर शहरात घरांमध्ये पाणी शिरलं. तेव्हा खापर घुशी-खेकड्यांवर फुटलं. खरंखोटं बाजूला ठेवा, पण पोखरलेला भराव वरून कळत नाही हे खरं.

आणि पाण्यात उतरायचं नाही. हे मी वर्गात सांगते तसं दोनदा सांगते, पाण्यात उतरायचं नाही. अस्तराचा उतार शेवाळाने गुळगुळीत असतो, ओढ दिसते त्यापेक्षा जास्त असते, आणि पोहता येणारालाही बाहेर येताना धरायला काही सापडत नाही. तोंड धुवायला, बाटली भरायलासुद्धा काठावर वाकू नका. वस्तीवर मागा, कोणी नाही म्हणत नाही.

शहरातला कालवा सोडून द्या. तिथे काठ सलग मिळत नाही. नुसता अंदाज घ्यायचा असेल तर कर्वेनगर-कोथरूडच्या कॅनॉल रोडवर एक फेरी मारा. तिथे एके काळी मुठेचा डावा कालवा होता, आता वर रस्ता आहे, पण उतार तोच. पायडल न मारता सायकल किती पुढे जाते ते पाहा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

हडपसरच्या पुढे कालवे दोन होतात. जुना, ज्याला इकडे बेबी कालवा म्हणतात, आणि नवा, जो २०२ किलोमीटर जाऊन इंदापूर गाठतो. बेबी कालव्यात मुंढव्याहून शुद्ध केलेलं सांडपाणी सोडतात. शुद्ध हा शब्द कागदावरचा, नाकाचं मत निराळं. आपण नवा धरायचा. जुन्याबद्दल एवढंच, की १८७०च्या दशकात पाणी आलं तेव्हा या भागाचं रूपच पालटलं. जोतीराव फुल्यांनी मांजरीला शेती केली ती याच पाण्यावर.

पहिला दिवस मुक्कामापर्यंत पन्नासेक किलोमीटरचा. लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत ही गावं डावीकडे खाली राहतात आणि उजवीकडे भुलेश्वरचे डोंगर जवळ येत जातात. थंडीत सकाळी पूर्वेचा वारा तोंडावर येतो आणि ऊन डोळ्यांत, म्हणून टोपीला पुढचा पट्टा हवा. उरुळीला निसर्गोपचार आश्रम आहे, गांधीजी १९४६ला इथे येऊन राहिले होते. आम्ही मात्र थांबतो ते यवतच्या पुढे गुऱ्हाळावर. काहिलीतून नुकती काढलेली काकवी आणि घरच्या चपात्या. दुसऱ्या कुठल्या जेवणाची चर्चाच नको. हा सगळा टप्पा पुणे-दौंड रेल्वेला समांतर आहे, त्यामुळे गुडघा बोलू लागला तर परतीची सोय आहे. सायकल ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यात, बुक करावी लागते आणि ते प्रत्येक लहान स्टेशनवर होत नाही, म्हणून दौंड किंवा पुणे धरून चाला. मुक्काम केडगाव-चौफुल्याकडे. चौफुल्याला कलाकेंद्रं आहेत, ढोलकी कानावर येते. रात्री अकराला जाऊ अंथरुणात बोटांनी ताल धरून होती, हे घरी सांगायचं नाही असं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी वरवंडच्या आसपास नवा कालवा सोडून खाली माटोबाला उतरा. कालव्याचं पाणी साठवायला केलेला हा इंग्रजी अमदानीतला तलाव. सकाळी पोचलात तर बदकं आणि करकोचे निवांत पाहायला मिळतात. तिथून पाटस आणि रोटी घाटाने बारामती, पस्तीसेक किलोमीटर. तुकोबांची पालखी याच वाटेने जाते. घाट नावालाच, पण दोन दिवस सपाटीवर लाडावलेल्या पायांना तोही लागतो. आम्ही उतरून ढकलतो आणि त्याची लाज वाटत नाही. घाटावर एकदम जिरायत सुरू होतं आणि डिसेंबरअखेर हुरड्याचे दिवस असतात. शेतात धूर दिसला की हाक मारा.

बारामतीत लॉजवर फोन करून ‘सायकली आत ठेवू द्याल का’ हे आधीच विचारा. एका ठिकाणी आम्हाला खोली मिळाली पण सायकली नाहीत. रात्रभर जिन्याखाली कुलपात ठेवलेल्या सायकली बघायला मी तीनदा उठले.

तिसरा दिवस मला सर्वांत आवडतो. नीरा डावा कालवा १८८५ पासून वाहतोय. वीरच्या बंधाऱ्यापासून निघतो आणि बारामती गावाच्या मधून पुढे इंदापूरकडे जातो. आपण प्रवाहाच्या उलट जाणार, पण वीत-दोन वीत चढ मांड्यांना कळतही नाही. माळेगाव, सोमेश्वरनगर, निंबुत. एका कारखान्याच्या धुराड्यापासून दुसऱ्याच्या धुराड्यापर्यंत. सूर्य पाठीशी. जुने दगडी पूल आणि मोऱ्या अजून जागेवर आहेत, घडीव दगडाचे सांधे हात लावून पाहावेत असे. याच कालव्यावर अभियंते विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत आणली. सगळं पाणी वरच्यांच्या उसाला जाऊन शेवटचा कोरडा राहू नये, म्हणून ऊस आणि इतर पिकं वाटून घ्यायची. आबांना हे सांगितलं तर ते फक्त हसले. आमची शेती चारीच्या शेवटाला आहे.

डावीकडे खालच्या रानात मधेच पांढरा थर चढलेली पडीक जमीन दिसेल. ती क्षारपड. शंभर वर्षं पाणी पाजल्यावर क्षार वर येतात. काठावरून जाताना पाण्याचे दोन्ही हिशेब एका नजरेत दिसतात, उजवीकडे न मिळाल्याचा आणि डावीकडे जास्त झाल्याचा.

ऊसतोडीचा हंगाम असतो, तेव्हा दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर समोरून आला की सरळ उतरून बाजूला उभं राहा. मागची ट्रॉली हेलकावते आणि चालकाला ती दिसत नाही. टायरगाड्यांचे बैल मात्र सायकलच्या घंटीला बुजतात, घंटी वाजवू नका, बोला.

नीरेपर्यंत पंचेचाळीसेक किलोमीटर, मग वाल्ह्यावरून जेजुरी वीसेक, हलका चढ. ही माउलींच्या पालखीची वाट, आपण उलट्या अंगाने जातो. जेजुरीत सायकल पायथ्याला ठेवून गड चढा. भंडारा साखळीत गेला तर तेल लावण्याआधी कोरड्या फडक्याने पुसा, नाहीतर पिवळी खळ होते.

चौथ्या दिवशी सासवडला अंजिरं घ्या, आणि झेंडेवाडीला घाटाच्या तोंडाशी थांबून ब्रेक तपासा. दिवे घाट सकाळी लवकर उतरायचा, वाहनं वाढायच्या आत. मस्तानी तलाव पाहायचा तर थांबून पाहा, चालत्या सायकलवरून नाही.

सामानाचं थोडक्यात. सायकल कुठलीही चालते, टायर मात्र ३८ मिलिमीटरच्या खाली नको. काठावर बाभळीचे काटे आणि सराटे. सराटा दिसत नाही, आणि एकदा रुतला की ट्यूब गेलीच. पहिल्या वर्षी एका दिवसात आमच्या दोघींच्या मिळून सात पंक्चर. आता ट्यूबमध्ये सीलंट असतं, शिवाय दोन जादा ट्यूब, पॅच, सोल्युशन आणि टायर काढायचे लिव्हर. तुमचा व्हॉल्व्ह बारीक तोंडाचा असेल तर पितळी अडॅप्टर खिशात ठेवा, गावातल्या पंपाला तो लागतो. दर तासाला थांबून तळहाताने टायर पुसायचं, जाड हातमोजा घालून. शेवटच्या दोन वर्षांत एकूण एकच पंक्चर, तेही आमच्याच गल्लीत, खिळ्याने.

गेल्या वेळी ते पंक्चर झालेलं चाक ढकलत घरी आलो. आबा ओट्यावर बसले होते. कुठे गेलो, काय पाहिलं, काही नाही. म्हणाले, “वरच्या अंगाला पाणी दिसलं का? चारीला कधी येईल?”

जाऊ म्हणाली, “परवापर्यंत, आबा. पाटकऱ्याला विचारलंय.”