ताई ची लढतीत वापरताय? या चुका टाळा

एप्रिल २०१७ मध्ये चीनमधल्या छंगदू शहरात एमएमए (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणारी मिश्र लढत) खेळणाऱ्या शू श्याओतुंगने ताई ची ही संथ हालचालींची चिनी युद्धकला शिकवणाऱ्या वेई लेईला अवघ्या काही सेकंदांत आडवं केलं. तेव्हापासून ‘ताई ची लढायच्या कामाची नाही’ हे सगळीकडे ऐकू येतं. मला हे पटत नाही. ताई चीत तोल काढण्याचं, समोरच्याचा जोर हाताने ओळखण्याचं अस्सल शिक्षण आहे. फक्त ते चुकीच्या अंतरावर वापरलं जातं, आणि बहुतेक वेळा विरोध करणाऱ्या माणसावर कधी तपासलेलंच नसतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ठोसा हाताने ‘पकडायला’ जाणं. फॉर्ममध्ये, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या क्रमात, हात संथपणे येणाऱ्या हाताला चिकटतो आणि त्याला बाजूला वळवतो. पण बॉक्सरचा जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) लागला की लगेच मागे जातो, चिकटायला तिथे काही उरतच नाही. तुमचा हात मात्र पुढे लांबलेला राहतो, हनुवटी उघडी पडते आणि मागोमाग क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा जोरदार ठोसा येतो. ठोशाच्या अंतरावर बॉक्सिंगचाच गार्ड ठेवा: हात वर, हनुवटी खाली. जॅब चुकवत किंवा गार्डवर घेत आत शिरा आणि क्लिंच धरा, म्हणजे समोरच्याला जवळून कवळा. ताई चीचं काम तिथे सुरू होतं.

समजा, क्लिंचमध्ये समोरच्याने तुमच्या मानेत हात घालून खाली ओढलं. मान ताठ करून उलट ओढलंत तर दम जातो आणि गुडघा बसतो. त्याऐवजी तो ओढतोय त्याच दिशेने एक पाऊल आत टाका आणि खांदा त्याच्या छातीत घाला. ताई चीत याला ‘काओ’ म्हणतात. तो ढकलत असेल तर एक हात त्याच्या मनगटावर, दुसरा कोपराच्या जरा वर ठेवा, कंबर वळवा आणि त्याचा भार त्याच्याच पुढच्या पायाच्या पलीकडे जाऊ द्या. ही ‘ल्यू’. तोल सावरायला तो मागे सरकला की त्याच क्षणी त्याच दिशेने ढकला किंवा पाय अडकवा. ज्युदोत तोल मोडण्याला ‘कुझुशी’ म्हणतात. तत्त्व तेच आहे, म्हणून ज्युदो किंवा कुस्ती करणाऱ्यांना हा भाग पटकन उमगतो.

मग पुश हँड्स (जोडीदाराच्या हातांना हात टेकवून तोल काढण्याचा ताई चीचा सराव) करूनही हे जमत का नाही? कारण सराव एकतर रेटारेटीचा होतो, नाहीतर इतका सौजन्याचा की जोडीदार स्वतःहून पडतो. कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये ज्युदो सुरू केला, तेव्हा ‘रांदोरी’ला, म्हणजे खऱ्या विरोधासह मोकळ्या सरावाला, त्यात मोठं स्थान दिलं. ताई चीलाही तेच हवं. आधी पाय जागेवर ठेवून पुश हँड्स, मग पावलं मोकळी, मग पाडायची परवानगी, आणि शेवटी ग्लोव्ह्ज व माउथगार्ड घालून हलके ठोसे. प्रत्येक टप्प्यावर जोडीदाराने खरोखर विरोध करायचा.

‘सैल राहा’ म्हणजे ढिलं पडा, असंही नाही. जोडीदाराला तुमच्या आडव्या धरलेल्या हातावर संथ जोर लावायला सांगा. कोपर बरगड्यांना चिकटलं तर तुम्ही ढिले आहात, खांदा कानाकडे चढला तर ताठर. दाब पाठीतून मागच्या टाचेपर्यंत पोहोचतोय असं जाणवलं आणि कोपराशी मूठभर जागा राहिली, तर ‘पंग’, म्हणजे ताई चीतला सैल पण न दबणारा टिकाव, जमतंय.

फक्त फॉर्म करून लढतीची अपेक्षा ठेवू नका. सर्वत्र शिकवला जाणारा २४ हालचालींचा फॉर्म १९५६ मध्ये चीनच्या क्रीडा आयोगाने लोकांच्या आरोग्यासाठी बसवला. त्या कामी तो उत्तम आहे. समोरून वार येताना डोळे उघडे ठेवायला मात्र तो शिकवत नाही.

‘आमचे डाव जीवघेणे, म्हणून स्पॅरिंग (सरावाची लढत) करत नाही’ या सबबीवर तर मुळीच विसंबू नका. जानेवारी १९५४ मध्ये मकाऊत ताई चीचे वू गोंगयी आणि व्हाइट क्रेन या दुसऱ्या चिनी युद्धकलेचे चान हाक-फू रिंगमध्ये उतरले होते. त्याचं चित्रीकरण उपलब्ध आहे. फॉर्ममधली सफाई त्यात क्वचितच दिसते, बरेचसे ठोसे मोकाट फिरवलेले आहेत. शेवटी विजेता घोषित झालाच नाही. तरी दोघे उतरले, याचा मला मनापासून आदर वाटतो. दडपणाखाली आपल्या तंत्रातलं नेमकं काय टिकतं, ते असं उतरल्यावरच कळतं.

आता पायांचं. फॉर्ममधला खोल, लांब पवित्रा मांड्या तयार करायला चांगला, पण किकबॉक्सिंगमध्ये पुढच्या पायावर पूर्ण भार टाकलात तर लो किक (पायावर मारलेली खालची लाथ) येताना तो पाय उचलताच येत नाही. पवित्रा उंच आणि आखूड ठेवा. कंबर वळवताना गुडघा आत कोसळू देऊ नका, तो पावलाच्या बोटांच्या रेषेतच हवा. गुडघा दुखत असेल तर आधी पवित्रा उंच करा. तरीही दुखणं राहिलं, तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवा.