या चुका टाळा: एका बॅटरीचा नियम दुसरीला लावू नका

सेल्फ मारला, नुसता टक-टक आवाज आला, की निष्कर्ष ठरलेला असतो: बॅटरी गेली. नवी आणण्याआधी मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचं यंत्र, लावा. गाडी बंद करून चार-पाच तास झाले असतील आणि साध्या लेड-ॲसिड बॅटरीवर १२.६ ते १२.७ व्होल्ट दिसत असतील, तर ती पूर्ण चार्ज आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. गाडी बंद केल्या केल्या मोजलं तर आकडा फसवा येतो. थांबायला वेळ नसेल तर हेडलाइट दोन मिनिटं लावा, बंद करा आणि मग मोजा.

पुढची तपासणी सेल्फ मारताना. चार्ज असलेल्या बॅटरीचं व्होल्टेज ९.६च्या खाली घसरलं, तर ती खरंच थकली आहे. ते ११च्या वर राहिलं आणि तरीही इंजिन फिरत नसेल, तर दोष टर्मिनल, अर्थिंगची केबल किंवा स्टार्टर यांत शोधा. नवी बॅटरी घालून हा बिघाड जात नाही. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी असेल तर कपभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून ब्रशने घासा, पण सोड्याचा थेंबही बॅटरीच्या आत, सेलमध्ये, जाऊ देऊ नका. केबल काढताना आधी निगेटिव्ह, लावताना आधी पॉझिटिव्ह. उलट केलं आणि पाना बॉडीला टेकला, तर थेट शॉर्ट होतो.

पाण्याबद्दल गैरसमज फार आहेत. झाकणं असलेल्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचं, ॲसिड कधीच नाही, कारण उडून जातं ते पाणीच. प्लेट उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील इतकंच घाला, चार्जिंग करा आणि नंतर खुणेपर्यंत भरा. आधीच काठोकाठ भरलं तर चार्जिंगमध्ये ॲसिड बाहेर येतं. बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटवरचं लेड सल्फेट कडक होतं आणि क्षमता कायमची घटते. म्हणून महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर मेंटेनर चार्जर, म्हणजे बॅटरी हळूहळू भरलेली ठेवणारा चार्जर, लावा. गाडी बंद करून ठेवल्यावरही ५० मिलिअँपिअर खात असेल, तर दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात. वीस दिवसांत ४५ अँपिअर-तासांची बॅटरी निम्म्याहून खाली येते.

सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या, म्हणजे स्टार्ट-स्टॉप गाडीत ईएफबी (साध्या बॅटरीचा सुधारित प्रकार) किंवा एजीएम (ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेली, बंद बॅटरी) असते. तिथे स्वस्तात साधी बसवणं ही सर्वांत महाग पडणारी चूक. वारंवार थोडी उतरून पुन्हा चढण्याची तिला सवय नसते आणि ती लवकर बसते. ईएफबीच्या जागी एजीएम चालते, एजीएमच्या जागी ईएफबी नको. एजीएमला चार्जर लावताना त्यात एजीएमचा मोड निवडा. व्होल्टेज जास्त झालं तर आतल्या पाण्याचा वायू होऊन निघून जातो आणि वरून पाणी घालायची सोय नसते. काही गाड्यांत नवी बॅटरी स्कॅनरने (गाडीच्या संगणकाला जोडायच्या यंत्राने) नोंदवावी लागते. तसं न केल्यास गाडी तिला जुनी समजूनच चार्ज करत राहते.

इलेक्ट्रिक गाडीचा मोठा पॅक, म्हणजे ती चालवणारी मुख्य बॅटरी, भरलेला असतो, तरी ती ‘चालू’च होत नाही. अशा वेळी छोटी १२ व्होल्टची बॅटरी तपासा. मोठ्या पॅकला गाडीशी जोडणारे काँटॅक्टर, म्हणजे विजेवर चालणारे मोठे स्विच, तिच्याच करंटवर चालतात. मात्र इलेक्ट्रिक गाडीवरून पेट्रोल गाडीला जंप देऊ नका, म्हणजे केबल जोडून तिची बॅटरी वापरून दुसरी गाडी सुरू करू नका. स्टार्टर शेकडो अँपिअर ओढतो आणि ही छोटी बॅटरी त्यासाठी नसते. दोन पेट्रोल गाड्यांत जंप देताना शेवटची काळी केबल उतरलेल्या बॅटरीवर न लावता, तिच्यापासून दूर, इंजिनच्या उघड्या धातूवर लावा. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि ठिणगी तिथेच नको.

हायब्रिडमध्ये मागच्या सीटजवळ पॅकच्या पंख्याची जाळी असू शकते. ती सामानाने झाकली किंवा धुळीने बुजली की पॅक तापतो आणि आयुष्य घटतं. स्वच्छतेला पाच मिनिटं लागतात.

मोठ्या पॅकच्या चार्जिंगचा नियम मात्र त्यातल्या रसायनावर ठरतो. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) पॅक रोज ८० टक्क्यांपर्यंतच भरा, शंभर टक्के लांबच्या प्रवासाआधी. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीचं व्होल्टेज चार्जच्या मधल्या बहुतेक पट्ट्यात जवळपास सपाट राहतं, त्यामुळे गाडीला शिल्लक चार्जचा अंदाज चुकतो. म्हणून अनेक उत्पादक तिला आठवड्यातून एकदा शंभरपर्यंत भरायला सांगतात. ‘ऐंशीच्या वर नको’ हा नियम तिला कायम लावला तर २० टक्के दाखवत असतानाच ती अचानक खाली येऊ शकते. आपल्या गाडीत कोणता पॅक आहे ते मॅन्युअलमध्ये पाहा. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीत नारिंगी केबल दिसली की तिथेच थांबा: ती शेकडो व्होल्टची लाइन असते आणि तिचं काम प्रशिक्षित तंत्रज्ञाचं.